दोन वह्यांचा एक हिशेब : संगणकावर तक्ते जोडताना घ्यावयाची खबरदारी

व्यापाऱ्याची वही आता एका जागी राहिलेली नाही. विक्रीची बिले टॅलीत किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये असतात. खात्यावर आलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतात. गल्ल्यावर ज्या कंपनीचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे तिचा अहवाल निराळा, जीएसटीच्या पोर्टलवरील नोंदी निराळ्या, आणि कारागिरांकडे दिलेल्या मालाची यादी एक्सेलमध्ये, नाहीतर अजूनही लाल वहीतच. यातील प्रत्येक हिशेब आपल्या जागी बरोबर असतो. परंतु मालकाला रात्री झोपताना जे प्रश्न पडतात, म्हणजे कोणत्या पार्टीकडे खरोखर किती येणे आहे, खरेदीवर दिलेला कर पूर्ण वळता होणार की नाही, कोणाकडे किती माल अडकून पडला आहे, त्यांचे उत्तर यांपैकी कोणत्याही एका वहीत नसते. त्यासाठी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावावी लागते.

पूर्वी हे काम मुनीमजी पेन्सिलीची खूण करीत करीत करायचे. आज ते एक्सेलमधील पॉवर क्वेरी किंवा पॉवर बीआय यांसारखे प्रोग्रॅम काही क्षणांत करतात. पॉवर क्वेरीसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, विंडोजवरील एक्सेलच्या २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ती आधीपासूनच असते. पॉवर बीआय डेस्कटॉपही विनामूल्य आहे. तयार अहवाल ऑनलाइन दुसऱ्यांना वाटायचा असेल तेव्हा मात्र परवाना घ्यावा लागतो. माहिती तक्त्यांत मांडून, दोन्हींकडे असलेल्या समान मूल्यावरून तक्ते जोडण्याची ही कल्पना आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली आणि आजचे बहुतेक प्रोग्रॅम तिच्यावरच उभे आहेत.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, जोड चुकीची बसली तरी संगणक बहुधा तक्रार करीत नाही. तो सुरेख रंगीत अहवाल काढून देतो. त्यातून काही बिले गुपचूप गळालेली असतात किंवा काही रकमा दोनदा-तीनदा मोजलेल्या असतात. अहवाल पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हे काम अकाउंटंटवर सोपवले असले तरी जोड कशी बसते हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. जीएसटीआर-२बी हे पत्रक २०२० पासून सुरू झाले. आपल्याला माल देणाऱ्यांनी पोर्टलवर जी बिले चढवली त्यांवरून ते तयार होते आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांना साधारणपणे पुढील महिन्याच्या १४ तारखेला मिळते. १ जानेवारी २०२२ पासून कायदा असा आहे की, समोरच्याने बिल चढवले नसेल तर त्यावरील कराचे क्रेडिट आपल्याला घेता येत नाही, मग आपण त्याला कराची रक्कम रोख मोजून दिलेली का असेना. त्यामुळे आपले खरेदीचे रजिस्टर आणि हे पत्रक जोडून पाहणे हा थेट पैशाचा प्रश्न आहे.

समजा, एका महिन्यात आपल्या रजिस्टरमध्ये ८४ बिले आहेत आणि पत्रकात ७९. पॉवर क्वेरीत 'मर्ज क्वेरीज' ही आज्ञा दिली की प्रोग्रॅम दोन तक्ते मागतो, कोणत्या रकान्यावरून जोडायचे ते विचारतो आणि जोडीचा प्रकार निवडायला सांगतो. येथेच बहुतेकजण घाई करतात. 'इनर' जोड निवडली तर दोन्हीकडे सापडलेल्या ओळीच तेवढ्या उरतात. समजा त्या ६८ निघाल्या. अहवाल स्वच्छ दिसतो, प्रत्येक बिलापुढे बिल आहे, बेरीज जुळते. पण आपल्या रजिस्टरातील १६ बिले आणि पत्रकातील ११ बिले त्या अहवालात मुळी आलेलीच नाहीत, आणि आपले पैसे अडकले असतील तर नेमके त्यांतच अडकले आहेत. 'लेफ्ट आउटर' निवडली तर पहिल्या तक्त्याच्या सर्व ओळी राहतात आणि ज्यांना जोडीदार मिळाला नाही त्यांच्यापुढे रिकामी जागा दिसते. प्रोग्रॅम आपणहून हीच जोड सुचवतो. 'फुल आउटर'मध्ये दोन्हीकडच्या सर्व ओळी येतात. आणि 'लेफ्ट अँटी' नावाची जोड फक्त अशाच ओळी दाखवते, ज्या पहिल्या तक्त्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. 'राइट अँटी' त्याच्या उलट. माझ्या मते व्यापाऱ्याच्या सर्वांत कामाच्या जोडी या शेवटच्या दोन. जे जुळले त्याची चिंता कोणी करीत नाही, जे जुळले नाही तेच वसूल करायचे असते.

वरील १६ आणि ११ बिले हातात आली की ती नीट वाचावीत. असे आढळेल की त्यांपैकी पुष्कळ बिले प्रत्यक्षात एकच आहेत, फक्त क्रमांक निराळा लिहिला गेला आहे. विक्रेत्याच्या बिलावर 'एसटी/२४-२५/०१७' असे छापलेले असते आणि आपला मुलगा घाईत नुसते '१७' टाकतो. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी बिले झाली. पॉवर क्वेरी मोठ्या आणि लहान इंग्रजी अक्षरांतही फरक करते, आणि क्रमांकानंतर चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा तिला वेगळी वाटते. 'ट्रिम' ही आज्ञा पुढची व मागची रिकामी जागा काढते, मधली काढत नाही.

एक्सेलचे स्वतःचे उपद्व्यापही कमी नाहीत. '००७' हा क्रमांक तो '७' करून टाकतो. '३-२४' असा बिल क्रमांक दिसला की ती तारीख समजून 'मार्च २४' करतो. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक साध्या रकान्यात ४.१ई+११ असा आखडून दाखवतो, आणि १५ अंकांपेक्षा मोठ्या संख्येचे शेवटचे अंक तर शून्य करतो. एकदा गेलेले अंक परत येत नाहीत. यासाठी फाइल थेट उघडून जतन न करता ती पॉवर क्वेरीतून आत घ्यावी. प्रोग्रॅमने आपणहून टाकलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी तपासून क्रमांकांचे सर्व रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करावेत. एका तक्त्यात क्रमांक संख्या म्हणून असेल आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून, तर डोळ्यांना सारखा दिसूनही तो जुळणार नाही.

बिलाचा क्रमांक एकटा पुरेसा नसतो हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. सुरतेच्या व्यापाऱ्याचे बिल नंबर १०१ असू शकते आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचेही. नियमाप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपर्यंतचा असतो आणि तो एका विक्रेत्यापुरता, एका आर्थिक वर्षात पुन्हा येत नाही. म्हणजे जोडणारी खरी खूण, जिला संगणकवाले 'की' म्हणतात, ती तीन गोष्टींची मिळून होते : विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष आणि बिलाचा क्रमांक. मर्जच्या खिडकीत कंट्रोल बटण दाबून हे तिन्ही रकाने निवडता येतात, फक्त दोन्ही तक्त्यांत निवडण्याचा क्रम एकच हवा. रक्कम आणि तारीख यांना या खुणेत घेऊ नये. पैशांच्या राउंडिंगमुळे एक रुपयाचा फरक पडला तरी बिल सुटून जाईल. रक्कम जोडीनंतर शेजारी ठेवून वजाबाकी करून पाहावी.

जीएसटी क्रमांकही डोळे मिटून घेऊ नये. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक व पुन्हा एक अक्षर असा क्रम ठरलेला असल्यामुळे शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला असेल तर तो ओळखता येतो.

अशी साफसफाई करून जोड पुन्हा लावली आणि समजा आणखी ९ बिले जुळली, तर जुळलेली ७७ होतील. आपल्याकडची ७ उरतील, पत्रकातील २. आता ही ९ बिले मालकाने स्वतः पाहावीत. सातांपैकी चार अशा विक्रेत्यांची असू शकतात जे तिमाही विवरण भरतात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना जानेवारी २०२१ पासून ही सवलत आहे. अशा विक्रेत्याने मधल्या महिन्यांत बिले चढवण्याची ऐच्छिक सोय वापरली नाही, तर त्याचे एप्रिलचे बिल आपल्याला जूनच्या पत्रकात दिसते. म्हणून महिन्याला महिना न जोडता वर्षाच्या सर्व पत्रकांचा एकच लांब तक्ता करून त्याच्याशी रजिस्टर जोडणे हेच शहाणपणाचे. उरलेली तीन बिले विक्रेत्याने चढवलेलीच नाहीत. त्याला आजच फोन करावा, कारण त्या वर्षाचे क्रेडिट पुढील ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरच घेता येते. पत्रकातील दोन अनोळखी बिलांपैकी एक आपल्याच कोणाच्या खिशात राहून नोंदवायचे विसरलेले असेल. दुसरे भलत्याच दुकानाचे असून चुकून आपला क्रमांक टाकलेला असेल, तर त्याचे क्रेडिट घेऊ नये. पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून असे बिल नाकारण्याची सोय झालेली आहे.

गळती कशी होते ते आपण पाहिले. दुसरा धोका त्याच्या उलटा, म्हणजे वाढीचा, आणि तो मला अधिक घातक वाटतो. समजा, एका गिऱ्हाइकाला ६०,००० रुपयांचे एक बिल दिले. बिलात तीन नग आहेत : ३०,००० चा, २०,००० चा आणि १०,००० चा. त्याने दोन हप्त्यांत २५,००० आणि १५,००० असे ४०,००० दिले. येणे बाकी २०,००० आहे हे लहान मूलही सांगेल. आता टॅलीतून नगवार विक्रीचा तक्ता काढला, बँकेतून वसुलीचा, आणि दोन्ही बिल क्रमांकावरून जोडले. तीन नगांच्या ओळी, प्रत्येकीला दोन हप्ते, म्हणजे सहा ओळी झाल्या. प्रत्येक नग दोनदा आला, विक्रीची बेरीज १,२०,०००. प्रत्येक हप्ता तीनदा आला, वसुलीची बेरीजही १,२०,०००. बाकी शून्य! अहवाल म्हणतो गिऱ्हाईक चोख आहे, आणि आपण त्याला नवा माल उधारीवर देऊन बसतो.

यावर उपाय एकच, आधी बेरीज करावी, मग जोडावे. 'ग्रुप बाय' या आज्ञेने नगांचे बिलवार एक, वसुलीचे बिलवार एक असे तक्ते करून घ्यावेत, म्हणजे एका बिलाला दोन्हीकडे एकच ओळ राहील. ज्यांना व्हीलुकअप येते ते म्हणतील की आमच्याकडे ओळी वाढत नाहीत. खरे आहे, पण व्हीलुकअप पहिली सापडलेली ओळ उचलते आणि बाकीच्या सोडून देते. वरील उदाहरणात ती २५,००० दाखवील आणि १५,००० चा हप्ता दिलाच नाही असे म्हणून आपण सज्जन गिऱ्हाइकाशी भांडायला जाऊ. जोडीपूर्वी तक्त्यात किती ओळी होत्या व बेरीज किती होती हे एका कागदावर लिहून ठेवावे आणि जोडीनंतर तेच दोन आकडे पुन्हा पाहावेत. मर्जच्या खिडकीत तळाशी किती ओळी जुळल्या तेही लिहून येते, ती ओळ वाचल्याशिवाय 'ओके' दाबू नये.

कारागिरांच्या हिशेबात आणखी एक गुंता आहे, तो नावांचा. आपल्याकडे शेख हे एक आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. मोहम्मद कोठे पूर्ण असते, कोठे नुसते 'मो.', कोठे मुहम्मद. बँकेच्या पासबुकावर एक, आधारवर दुसरे, आपल्या वहीत तिसरे. शिवाय एकाच मोहल्ल्यात तीन अब्दुल रहीम असतात ते वेगळेच. अशा नावांवरून तक्ते जोडले तर एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावावर पडते आणि एकाचे नाव दोन माणसे होऊन बसते. पॉवर क्वेरीत मिळतीजुळती नावे जोडण्याची 'फझी मॅचिंग' नावाची सोय आहे. त्यात साम्याचे प्रमाण ० ते १ असे ठरवता येते आणि न सांगता ते ०.८ धरले जाते. हे प्रमाण खाली आणले की शकील आणि शकीर ही दोन वेगळी माणसेही एक ठरू शकतात. नावांची पहिली यादी साफ करायला ही सोय वापरावी, मजुरी वाटायला कधीही वापरू नये. प्रत्येक कारागिराला आपला एक क्रमांक द्यावा, तो चलनावर, वहीत आणि बँकेत पैसे पाठवताना शेऱ्यात लिहावा. तेवढे जमत नसेल तर मोबाइल क्रमांक चालेल, मात्र कोणी ९१ लावून लिहितो, कोणी पुढे शून्य लावतो, म्हणून शेवटचे दहा अंकच घ्यावेत.

ही शिस्त लागली की जॉबवर्कच्या मालाचाही हिशेब लागतो. मालेगाव-भिवंडीकडे सूत विणायला देणारे असोत की भांडी पॉलिशला आणि कपडा भरतकामाला पाठवणारे, नोंदणीकृत व्यापाऱ्याने कर न लावता चलनावर बाहेर पाठवलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तेथूनच विकला गेला पाहिजे. नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असे कायदा धरतो आणि कर मागतो. यंत्रसामग्रीसाठी ही मुदत तीन वर्षे आहे, साचे, डाय, जिग व हत्यारे यांना ती नाही. पाठवलेल्या चलनांचा एक तक्ता आणि परत आलेल्या मालाचा चलनवार बेरीज केलेला दुसरा, यांची 'लेफ्ट आउटर' जोड लावावी, बाकी काढावी, आणि ज्यांना दहा महिने होऊन गेले ती चलने वर आणावीत. येथे बेरीज आधी करणे फारच जरुरीचे आहे, कारण माल नेहमी हप्त्याहप्त्यानेच परत येतो.

शेवटी एका तक्त्याविषयी सांगितले पाहिजे, जो बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही अहवालात तयार मिळत नाही आणि आपल्या धंद्याला मात्र हवाच असतो. तो म्हणजे तारखांचा तक्ता. आपल्यापैकी कापड, चप्पल, अत्तर, सुकामेवा, शेवया यांचा व्यापार करणाऱ्यांचा हंगाम रमजानवर अवलंबून असतो, आणि रमजान इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. भारतात ईदुल फित्र २०२४ मध्ये ११ एप्रिलला झाली आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात ईद दोनदा आली. ज्याने एप्रिल २०२५ ची विक्री एप्रिल २०२४ शी जोडून पाहिली त्याला धंदा कोसळल्यासारखा वाटला असेल, आणि मार्चला मार्च लावून पाहणाऱ्याला भरभराट झाल्यासारखी. दोघांचाही अहवाल बरोबर होता, जोड मात्र हंगामाला धरून नव्हती.

यासाठी वर्षाची प्रत्येक तारीख एका ओळीत, असा तक्ता करावा. तिच्यापुढे आर्थिक वर्ष, महिना आणि 'ईदेला किती दिवस उरले' असे रकाने ठेवावेत. वाटल्यास बकरीदेसाठी, लग्नसराईसाठी वेगळे रकाने करावेत, आणि ज्यांच्याकडे दिवाळीचे गिऱ्हाईक असते त्यांनी तोही रकाना घालावा. पॉवर बीआयमध्ये हा तक्ता बिलांच्या तक्त्यात मिसळावा लागत नाही, तारखेवरून दोघांमध्ये नाते जोडले की पुरते. नात्याच्या रेषेवर तारखांच्या टोकाला १ आणि बिलांच्या टोकाला फुली दिसली पाहिजे. दोन्ही टोकांना फुली दिसली तर एखादी तारीख तक्त्यात दोनदा आली आहे असे समजावे. मग ईदेपूर्वीच्या तीस दिवसांची विक्री मागील ईदेपूर्वीच्या तीस दिवसांशी लावून पाहता येते, आणि कोणता माल शेवटच्या आठवड्यात संपला, कोणता पडून राहिला, हे पुढील खरेदीची ऑर्डर देण्याआधी कळते. चंद्रदर्शनामुळे पुढील वर्षाच्या ईदेची तारीख आधी नक्की नसते. तेथे अंदाजाची तारीख घालून ठेवावी आणि ईद झाल्यावर ती एकच ओळ दुरुस्त करून 'रिफ्रेश' दाबावे, बाकीचे रकाने सूत्राने आपोआप बदलतील.